टर्बोचार्जर व निष्कास शाखानळी, मोटारगाडीतील

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंच्या ऊर्जेवर टरबाइन फिरवून त्याच आसावरील संपीडकाने एंजिनात वातावरणीय दाबापेक्षा जास्त दाबाची हवा भरणाऱ्या प्रयुक्तीस टर्बोचार्जर म्हणतात. निरनिराळ्या सिलिंडरांतून येणारे जळके वायू एकत्र करून टरबाइनापर्यंत नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीस निष्कास शाखानळी म्हणतात. कारखान्यांत व दुरुस्तीशाळांत ती ‘मॅनिफोल्ड’ याच नावाने ओळखली जाते. वेगवान व शर्यतीच्या मोटारगाड्यांसाठी या दोन भागांची निवड करताना केवळ कमाल शक्तीचा विचार पुरेसा होत नाही. ती शक्ती एंजिनाच्या कोणत्या गतीला व प्रवेगक दाबल्यापासून किती वेळात मिळते, यावर गाडीचे वर्तन अवलंबून असते. शक्ती व प्रतिसाद यांतील हा विरोध कमी करण्याचे प्रयत्न हाच मोटारगाडीतील टर्बोचार्जरच्या इतिहासाचा मुख्य धागा होय.

मूळ पेच : सिलिंडरात किती इंधन जाळता येईल, हे तेथे शिरलेल्या हवेच्या वस्तुमानावर ठरते. दाब देऊन जास्त हवा भरल्यास त्याच आकारमानाच्या एंजिनापासून जास्त शक्ती मिळते. पट्ट्याने किंवा दंतचक्रांनी एंजिनाच्या भुजादंडाकडून चालविल्या जाणाऱ्या संपीडकास लागणारी शक्ती एंजिनालाच द्यावी लागते. टर्बोचार्जर मात्र निष्कास वायूंतून वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग उपयोगात आणतो. परंतु ही ऊर्जाही सर्वस्वी फुकट मिळत नाही. टरबाइनाच्या अडथळ्यामुळे निष्कास मार्गात उलट दाब निर्माण होतो व दट्ट्याला तो ढकलावा लागतो. टरबाइन लहान असल्यास वायूंचा वेग वाढून ते लवकर गती घेते. परंतु एंजिनाची गती वाढल्यावर तेच टरबाइन वायूंची वाट अडविते. टरबाइन मोठे असल्यास उच्च गतीला वायू मोकळेपणी बाहेर पडतात. परंतु कमी गतीला त्यांचा रेटा अपुरा पडतो आणि चालकाने प्रवेगक दाबल्यावर दाब निर्माण होण्यास विलंब लागतो. हा विलंब फिरत्या चक्रांच्या जडत्वावर आणि झडपेपासून टरबाइनापर्यंतच्या नळ्यांत सामावणाऱ्या वायूच्या घनफळावरही अवलंबून असतो. म्हणूनच टर्बोचार्जर व शाखानळी यांची निवड एकत्रितपणे करावी लागते. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

पूर्वेतिहास : स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये निष्कास वायूंवर चालणाऱ्या टरबाइनाने एंजिनाला हवा पुरविण्याच्या कल्पनेचे पेटंट मागितले. पहिल्या महायुद्धकाळात फ्रान्समध्ये ऑग्यूस्त रातो यांनी विमानांच्या एंजिनांवर असे प्रयोग केले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडोतील सु. ४,३०० मी. उंचीच्या पाइक्स शिखरावर लिबर्टी एंजिनाची चाचणी घेऊन विरळ हवेतही एंजिनाची शक्ती टिकविता येते, हे दाखवून दिले. विमानाचे एंजिन बराच काळ स्थिर गतीने चालते, त्यामुळे तेथे विलंबाचा प्रश्न तीव्र नव्हता. जहाजांच्या बाबतीतही तसेच होते. ‘प्रॉयसन’ व ‘हान्सेष्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरी डीझेल एंजिनांची शक्ती ब्यूखी यांनी १९२५ च्या सुमारास टर्बोचार्जर बसवून १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत वाढविली.

याच सुमारास ब्यूखी यांनी मांडलेली दुसरी कल्पना मोटारगाड्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरली. निष्कास झडप उघडताच सिलिंडरातील वायू एका जोरदार स्पंदाच्या रूपाने बाहेर पडतात. सर्व सिलिंडरांचे वायू एका मोठ्या नळीत सोडले, तर ही स्पंदे तेथेच विरून जातात. त्याऐवजी ज्या सिलिंडरांचे निष्कास एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांचे गट करून प्रत्येक गटाची अरुंद व आखूड नळी टरबाइनापर्यंत वेगळी नेल्यास स्पंदांची ऊर्जाही चक्राला मिळते. जहाजांसाठी मांडलेले हे तत्त्व मोटारगाड्यांत सर्रास वापरले जाण्यास त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ जावा लागला.

मोटारगाड्यांतील आरंभ : १९५२ च्या इंडियानापोलिस येथील ५०० मैलांच्या शर्यतीत कमिन्स कंपनीची टर्बोचार्जरयुक्त डीझेल गाडी फ्रेड अगाबाशियन यांनी चालविली. पात्रता फेरीत तिने आरंभरेषेवरील पहिले स्थान मिळविले. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र ७१ फेऱ्यांनंतर तिला माघार घ्यावी लागली. धावपट्टीवरील टायरांच्या रबराच्या कचऱ्याने टर्बोचार्जरचे हवा घेण्याचे तोंड बुजले होते. टर्बोचार्जर गाडीत कोठे बसवावा व तो हवा कोठून घेणार, हाही निवडीचाच भाग आहे, याची ही पहिली ठळक जाणीव म्हणता येईल. (याच कंपनीच्या सहयोगाने पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स ही डीझेल एंजिने बनविणारी कंपनी स्थापन झाली.)

विक्रीसाठी बनविलेल्या पहिल्या दोन टर्बो मोटारगाड्या अमेरिकेत १९६२ मध्ये आल्या आणि त्यांनी एकाच प्रश्नाची दोन निराळी उत्तरे दिली. ओल्ड्समोबील जेटफायर या गाडीत ३·५ लिटर एंजिनाचे संपीडन गुणोत्तर १०·२५ : १ असे उच्च ठेवले होते. त्यामुळे होणारे आघाती ज्वलन (नॉकिंग) रोखण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण हवेत फवारले जाई. या गाडीची शक्ती २१५ अश्वशक्ती होती. पण मिश्रणाची टाकी रिकामी झाली की दाब आपोआप रोखला जाई व अनेक मालक ती वेळेवर भरीत नसत. दोनच वर्षांत तिचे उत्पादन थांबले. शेव्हरोले कॉर्व्हेअर गाडीत संपीडन गुणोत्तर कमी करून १५० अश्वशक्तीवर समाधान मानण्यात आले. तिच्यात दाब नियंत्रित करणारी झडपच नव्हती. टरबाइन व निष्कास मार्ग यांचा अडथळा इतका ठेवला होता की, दाब ठराविक मर्यादेपलीकडे चढत नसे. ही रचना साधी व टिकाऊ होती. परंतु टरबाइन उच्च गतीच्या हिशोबाने निवडावे लागल्याने कमी गतीला तिचा उपयोग थोडाच होई.

शर्यतींचा अनुभव : १९६८ मध्ये बॉबी अन्सर यांनी टर्बोचार्जरयुक्त ऑफनहाउझर एंजिनाच्या गाडीने इंडियानापोलिसची शर्यत जिंकली. अंडाकृती धावपट्टीवर प्रवेगक बहुतेक वेळ दाबलेलाच असतो, त्यामुळे मोठा टर्बोचार्जर तेथे चालून जाई. वळणावळणांच्या धावपट्टीवर मात्र तीच निवड अडचणीची ठरे. पोर्श कंपनीने ‘९१७’ या बारा सिलिंडरी गाडीला दोन टर्बोचार्जर बसविले, तेव्हा आरंभीच्या चाचण्यांत एंजिन एकतर निपचित असे किंवा एकदम पूर्ण शक्ती देई. चालक व अभियंता मार्क डॉनह्यू यांच्या आग्रहावरून कमी गतीच्या इंधनपुरवठ्यावर व दाबनियंत्रणावर बरेच काम झाल्यावरच ती गाडी आटोक्यात आली. १९७३ मध्ये ‘९१७/३०’ या प्रकाराने सु. १,१०० अश्वशक्तीच्या बळावर कॅन-अ‍ॅम मालिकेत वर्चस्व गाजविले. या यशात अतिरिक्त वायू टरबाइनाला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा (वेस्टगेटचा) वाटा मोठा होता. या झडपेमुळे टरबाइन लहान निवडता येते. ते लवकर गती घेते आणि ठरविलेला दाब येताच जादा वायू बाजूने निघून जातात. मात्र सर्व सिलिंडरांचे वायू जेथे एकत्र येतात, तेथून सरळ वाट या झडपेकडे गेली पाहिजे. शाखानळीवर ती आडवळणाला बसविल्यास वायू टरबाइनाकडेच धावतात व झडप उघडी असूनही दाब चढत राहतो.

रस्त्यावरील गाड्या : बीएमडब्ल्यू कंपनीची ‘२००२ टर्बो’ (१९७३, १७० अश्वशक्ती) व पोर्श कंपनीची ‘९११ टर्बो’ (१९७४, ३ लिटर, २६० अश्वशक्ती) या गाड्यांनी शर्यतीतील तंत्र रस्त्यावर आणले. पहिलीचा काळ तेलटंचाईत सापडला व तिच्या १,६७२ गाड्याच तयार झाल्या. दुसरीत आघाती ज्वलन टाळण्यासाठी संपीडन गुणोत्तर ६·५ : १ इतके उतरविले होते. त्यामुळे दाब येण्यापूर्वी एंजिन मंद वाटे आणि दाब आला की शक्ती एकाएकी वाढे. एंजिन मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या या गाडीत वळणाच्या मध्यावर अशी शक्ती आल्यास मागील चाके घसरण्याचा धोका असे, तसेच घाबरून प्रवेगक एकदम सोडल्यासही असे. त्यामुळे अननुभवी चालकांच्या हाती ही गाडी धोक्याची समजली जाई. टर्बोचार्जरची निवड ही केवळ यंत्रशास्त्राची बाब नसून सुरक्षिततेचीही आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ मध्ये सादर केलेल्या ‘९९ टर्बो’ गाडीत विचाराची दिशा बदलली. कमाल शक्तीचा आकडा पुढे न ठेवता नेहमीच्या वापरातील मध्यम गतींना परिपीडन (फिरविण्याचा जोर) वाढविणे, हे उद्दिष्ट तिने ठेवले. त्यासाठी लहान टरबाइन व लवकर उघडणारी उपमार्ग झडप निवडण्यात आली. दोन लिटर एंजिनाची शक्ती १४५ अश्वशक्तीच होती. परंतु ती सहज हाती येणारी होती. पुढे याच कंपनीने आघाती ज्वलनाची चाहूल घेऊन दाब आपोआप कमी करणारी इलेक्ट्रॉनीय यंत्रणा वापरात आणली. त्यामुळे संपीडन गुणोत्तर फार उतरविण्याची गरज राहिली नाही आणि दाब येण्यापूर्वीचा मंदपणाही घटला.

एक की दोन : फॉर्म्युला वन शर्यतींच्या १९६६ पासूनच्या नियमांत ३ लिटरचे साधे किंवा १·५ लिटरचे अधिभारित (दाबाने हवा भरलेले) एंजिन चालत असे. दुसऱ्या पर्यायाकडे रेनो कंपनी प्रथम वळली. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे झां-पिएर झाबुई यांनी चालविलेल्या तिच्या पहिल्या गाडीत सहा सिलिंडरांसाठी एकच टर्बोचार्जर होता. त्यासाठी व्ही आकाराच्या दोन्ही बाजूंचे वायू लांब नळ्यांनी एकत्र आणावे लागत. टर्बोचार्जर निकामी होऊन ती गाडी बाद झाली आणि पुढेही नादुरुस्ती व प्रतिसादातील विलंब यांनी तिला सतावले. १९७९ मध्ये प्रत्येक बाजूला एक असे दोन लहान टर्बोचार्जर बसविण्यात आले. नळ्या आखूड झाल्या, चक्रांचे जडत्व घटले आणि त्याच वर्षी १ जुलै रोजी दीझाँ येथे झाबुई यांनी फ्रेंच ग्रां प्री जिंकली. टर्बोचार्जरयुक्त गाडीचा फॉर्म्युला वनमधील हा पहिला विजय होय.

त्यानंतर शक्ती इतकी वाढली की, तिला नियमांनी आवर घालावा लागला. इंधनाची मर्यादा १९८४ मध्ये २२० लिटर, १९८६ मध्ये १९५ लिटर व १९८८ मध्ये टर्बो गाड्यांसाठी १५० लिटर अशी कमी करण्यात आली. दाबाची मर्यादा १९८७ मध्ये ४ बार व १९८८ मध्ये २·५ बार (एकूण दाब) अशी ठरली. त्या अखेरच्या वर्षी होंडा एंजिनाच्या मॅक्लारेन गाड्यांनी १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. १९८९ पासून टर्बोचार्जरवर बंदी आली व ती २०१४ मध्ये उठली. रॅली स्पर्धांत १९९५ पासून टर्बोचार्जरच्या तोंडाशी ३४ मिमी. व्यासाचे निरोधक कडे सक्तीचे झाले. त्यामुळे उच्च गतीला हवा मिळेनाशी झाली व मध्यम गतीला जोर देणारे टर्बोचार्जर निवडले जाऊ लागले. निरोधकाच्या बाजूने चोरून हवा घेणारी रचना आढळल्यामुळे त्याच वर्षी टोयोटा संघाला स्पर्धेतून दूर करण्यात आले.

शाखानळीची रचना : सर्वांत साधी शाखानळी ओंडक्यासारखी एकसंध ओतीव असते, सिलिंडरांची तोंडे एका आखूड सामाईक पोकळीत उघडतात. ती स्वस्त, आटोपशीर व मजबूत असते, तसेच तिच्यात वायू थोडा मावत असल्याने उष्णताही कमी वाया जाते. तिचा दोष स्पंदांच्या संघर्षात आहे. चार फेरी चक्रातील निष्कास झडप भुजादंडाच्या सु. २४० अंशांपर्यंत उघडी असते, तर चार सिलिंडरी एंजिनात स्पंदे १८० अंशांच्या अंतराने येतात. त्यामुळे एका सिलिंडराची झडप मिटण्यापूर्वीच दुसऱ्याचा झोत उलटून तिच्यात शिरू पाहतो. समान लांबीच्या स्वतंत्र नळ्या वळवून एका ठिकाणी जोडल्यास स्पंदे ठराविक अंतराने येतात व उच्च गतीला फायदा होतो. परंतु नळ्यांची लांबी, जागा व खर्च वाढतो.

ब्यूखी यांचे तत्त्व येथे उपयोगी पडले. १-३-४-२ अशा प्रज्वलनक्रमाच्या एंजिनात पहिला व चौथा, तसेच दुसरा व तिसरा सिलिंडर जोडीने वेगळे काढल्यास प्रत्येक जोडीतील स्पंदे ३६० अंशांनी दूर जातात. टरबाइनाच्या शंखाकार कवचातही मधोमध भिंत घालून या दोन वाटा चक्रापर्यंत अलग ठेवल्या जातात. १९९६ च्या मित्सुबिशी लॅन्सर इव्होल्यूशन गाडीच्या चौथ्या आवृत्तीत अशी दुहेरी वाट होती. सहा सिलिंडरी सरळ एंजिनात पुढचे तीन व मागचे तीन असे गट पाडतात. व्ही आकाराच्या आठ सिलिंडरी एंजिनात एकाच बाजूची स्पंदे असमान अंतराने येतात. म्हणून बीएमडब्ल्यू कंपनीने २००९ मध्ये दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या नळ्या आडव्या ओलांडून त्यांच्या योग्य जोड्या लावल्या. टर्बोचार्जर व्ही आकाराच्या खोबणीत बसविल्याने या नळ्या आखूड राहिल्या.

धातूची निवडही तितकीच महत्त्वाची असते. पेट्रोल एंजिनाचे वायू १,००० अंश से. च्या आसपास पोहोचतात. सु. ४० सेंमी. लांबीची अगंज (स्टेनलेस) पोलादी नळी ७०० अंशांनी तापल्यास सु. ५ मिमी. ने वाढते. या प्रसरणाला वाव नसेल, तर जोडांना तडे जातात. टर्बोचार्जरचे सर्व वजन बारीक नळ्यांवर टांगल्यासही तेच घडते. म्हणून दीर्घकाळ टिकणाऱ्या गाडीसाठी जाड ओतीव शाखानळी व केवळ शर्यतीसाठी घडीव नळ्यांची, असा सर्वसाधारण संकेत आहे.

विरोध कमी करण्याचे इतर उपाय : १९८६ च्या पोर्श ‘९५९’ मध्ये एक टर्बोचार्जर आधी व दुसरा उच्च गतीला, अशी क्रमवार योजना होती. १९९३ च्या टोयोटा सुप्रा गाडीतही ती वापरली गेली. तथापि तिच्यातील नळ्या व झडपांचा गुंता काढून अनेक मालकांनी एकच मोठा टर्बोचार्जर बसविला आणि कमी गतीचा प्रतिसाद गमावून कमाल शक्ती मिळविली. १९८९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आर गाडीत जडत्व घटविण्यासाठी मृत्तिकेची (सिरॅमिक) टरबाइन चक्रे होती. ठरविलेल्या मर्यादेबाहेर दाब वाढविल्यास ती फुटत. टरबाइनाभोवतीची पाती फिरवून वाट अरुंद वा रुंद करणारी रचना डीझेल गाड्यांत लवकर रुळली, कारण डीझेल एंजिनाचे वायू तुलनेने थंड असतात. पेट्रोल एंजिनाच्या उष्णतेत टिकणारी अशी पाती पोर्श कंपनीने २००६ मध्ये ‘९११ टर्बो’ गाडीत आणली.

निवडीचा हिशोब : निवडीचा आरंभ हवेच्या गरजेपासून करावा लागतो. दर मिनिटास सु. ०·४५ किग्रॅ. हवेमागे १० अश्वशक्ती, हा पेट्रोल एंजिनाचा ढोबळ आडाखा आहे. त्यानुसार ३०० अश्वशक्तीसाठी मिनिटाला सु. १३·६ किग्रॅ. हवा लागते. दोन लिटरचे एंजिन मिनिटास ६,५०० फेऱ्यांना व ९०% भरणक्षमतेने सु. ५·८५ घ.मी. हवा घेते. तेव्हा हवेची घनता दर घ.मी.ला सु. २·३ किग्रॅ. हवी आणि हवा ५० अंश से. तापमानाची असल्यास तिचा एकूण दाब सु. २·१५ बार, म्हणजे वातावरणीय दाबाच्या दुपटीहून थोडा जास्त लागतो. इतक्या संपीडनाने २५ अंशांची हवा ७५% कार्यक्षमतेच्या संपीडकात सु. १२५ अंशांपर्यंत तापते. अंतर्शीतकाने (इंटरकूलरने) ती ५० अंशांवर आणल्यास तेवढ्याच दाबाला घनता सु. २३% वाढते व आघाती ज्वलनाचा धोकाही घटतो.

हवेचा प्रवाह व दाबाचे गुणोत्तर हे दोन आकडे संपीडकाच्या आलेखावर मांडून ते उच्च कार्यक्षमतेच्या क्षेत्रात येतात का, हे पाहतात. केवळ कमाल गतीचा एक बिंदू पाहणे पुरेसे नसते; ३,००० किंवा ४,००० फेऱ्यांचे बिंदूही मांडावे लागतात. संपीडक फार मोठा असल्यास हे बिंदू आलेखाच्या डाव्या सीमेपलीकडे जातात. तेथे प्रवाह उलटून धडधड होते व धारव्यांना (बेअरिंगांना) इजा पोहोचते. टरबाइनाच्या बाबतीत कवचाच्या वाटेचे क्षेत्रफळ भागिले आसापासूनचे तिचे अंतर हे गुणोत्तर पाहतात. ते कमी असल्यास प्रतिसाद लवकर मिळतो, जास्त असल्यास उच्च गतीची शक्ती वाढते. शेवटी एंजिनाचे दट्टे, इंधनपुरवठा, वंगण व शीतन यांना तो दाब झेपेल की नाही, याची खात्री करावी लागते.

सद्यःस्थिती : २०१४ नंतरच्या फॉर्म्युला वन गाड्यांत टर्बोचार्जरच्या आसावरच विद्युत् यंत्र बसवून विलंब जवळजवळ नाहीसा करण्यात आला, खर्च व गुंतागुंत यांमुळे ते २०२६ च्या नियमांतून वगळण्यात आले. रस्त्यावरील गाड्यांत मर्सिडीज-एएमजी कंपनीने अशी रचना २०२२ मध्ये आणली. अनेक नव्या एंजिनांत शाखानळी वेगळी न ठेवता सिलिंडर शीर्षातच ओतली जाते व पाण्याने थंड केली जाते. त्यामुळे मूळ पेच सौम्य झाला असला, तरी संपलेला नाही. लहान टरबाइनाचा तत्पर प्रतिसाद व मोठ्याची मोकळी वाट ही दोन्ही एका साध्या चक्राकडून पूर्णपणे मिळत नाहीत. गाडी कोणत्या मार्गावर, कोणत्या गतींना व कोणाच्या हाती चालणार, हे आधी निश्चित करून केलेली निवडच आजवर यशस्वी ठरली आहे. [⟶ डीझेल एंजिन, मोटारगाडी].